रोझलिनची एकी कंपनीने नाही घडवली

आपल्या नागपूरच्या ग्रुप्सवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, की अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात रोझलिन नावाचं खदानीचं गाव आहे, तिथे कंपनीने चोवीस देशांची माणसं प्रेमाने आणून वसवली, सगळे पहिल्या दिवसापासून गुण्यागोविंदाने राहिले, कधी भांडण म्हणून नाही. मी उमरेडला वेकोलिच्या, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीच्या, कॉलनीत वाढलो, शेजारी तेलुगू, समोर छत्तीसगडी, त्यामुळे असं गाव मला आवडणारच, पण हे सांगणं त्या कामगारांवर अन्याय आहे भाऊ.

प्रेमाने वगैरे काही नाही. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला इंजिनांसाठी कोळसा पाहिजे होता, म्हणून तिच्या कोळसा कंपनीने 1886 मधे हे गाव वसवलं. 1888 ला नाइट्स ऑफ लेबर या संघटनेच्या कामगारांनी संप केला तर तो मोडायला कंपनीने जेम्स शेपरसन या भरती करणाऱ्या एजंटला पाठवून लांबून लांबून कृष्णवर्णीय खाणकामगार भरती केले आणि रेल्वेने आणले, तेही बंदूकधारी पहाऱ्यात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तिकडे संप चालू आहे हे सांगितलंच नव्हतं. गुलामगिरी संपून तेव्हा 25 वर्षंही झाली नव्हती, पोटासाठी एवढ्या लांब आले बिचारे आणि गाडीतून उतरले तर आपल्यासारखेच कामगार समोर दुश्मन म्हणून उभे. याला भांडण नाही म्हणायचं?

पहिल्या दिवसापासून चोवीस देश हेही चूक. आधी जास्त करून इंग्लिश, स्कॉटिश, वेल्श होते, इटालियन, क्रोएशियन, पोलिश, लिथुआनियन लोकांची गर्दी नंतर झाली.

एकीचा पुरावा म्हणून कब्रस्तानचा फोटो टाकलाय. अरे, तिथे पंचवीसेक वेगवेगळे भाग आहेत! इटालियनांचा वेगळा, क्रोएशियनांचा वेगळा, कृष्णवर्णीयांचा माउंट ऑलिव्हेट वेगळा. त्यातले बरेच भाग लॉजचे, म्हणजे कामगारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांचे, माणूस खदानीत गेला की त्याच्या मातीचं आणि घरच्यांचं तीच बघायची. 10 मे 1892 ला खदानीतल्या स्फोटात 45 जण एका दिवसात गेले, त्याबद्दल फॉरवर्डमधे एक ओळ नाही.

राहिला फॉरवर्डमधला कृष्णवर्णीय महापौराचा मुद्दा, ज्याचं श्रेयही कंपनीला दिलंय. विल्यम क्रेव्हन, वॉशिंग्टन राज्यातला पहिला, हे खरंय, मलाही त्याचा आनंद आहे. पण तो महापौर झाला 1975 ला आणि शेवटची खदान बंद पडली 1963 ला, मग यात कंपनीचं श्रेय कुठून आलं? मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर त्यात 1888 चा संप आणि ते 45 जण लिहून पाठवा.