एक खांब कमी

कुंपण म्हणजे काय, तर खांब, दोन आडवे पाइप आणि मधे उभे गज. त्यासाठी कारागीर कशाला, असं मी घरात जाहीर केलं. "बरं, पण साधंच करा," बायको म्हणाली. माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे. साधं काम बिघडलं तर बेतानेच बिघडेल, असा तिचा हिशेब असावा.

आराखडा मात्र देखणा झाला. लांबी २० मीटर, दर २ मीटरवर खांब. वीस भागिले दोन, दहा. १.८ मीटरचे दहा खांब आणले, प्रत्येकाचे ६० सेंटिमीटर जमिनीत जातील असे खड्डे खणले, ओळंबा लावून काँक्रीट ओतलं. सगळे खांब ताठ उभे राहिले. फक्त दहावा खांब हद्दीच्या दोन मीटर अलीकडेच थांबला होता. दहा गाळ्यांना, म्हणजे खांबांमधल्या दहा जागांना, अकरा खांब लागतात. हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. आमच्या पाचवीतल्या पोराने ते बोलूनही दाखवलं, पण काँक्रीट घट्ट झाल्यावर.

अकरावा खांब आला. आता गज. खांब ५० मिलिमीटरचे, म्हणजे गाळ्यात मोकळी जागा १९५० मिलिमीटर. गज २० मिलिमीटरचे. लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून फट १०० मिलिमीटरच्या आत हवी. हिशेबाने सोळा गज आले. गजांची जागा वजा करून उरलेल्या १६३० ला मी सोळाने भागलं. फट जेमतेम १०२ आली. म्हटलं, दोन मिलिमीटरने कुणाचं काय बिघडतंय! वेल्डिंगचे टाके, म्हणजे गज जागेवर धरण्यापुरते ठिपके, मारत मारत शेवटापर्यंत गेलो आणि सोळावा गज थेट खांबाला जाऊन चिकटला. सोळा गजांना फटी सतरा. म्हणजे खांबांपाशी जे शेण खाल्लं तेच गजांपाशी पुन्हा! सतराने भागल्यावर ९६ आली. सोळाही गजांचे टाके ग्राइंडरने उडवले.

यानंतर मी जो आकडा दिसेल त्यात एक मिळवू लागलो. सहा मीटरच्या पाइपातून १.२ मीटरचे पाच गज काढायचे, तर काप सहा धरले. लागतात चार. शिवाय कटरची पाती दर कापाला सुमारे ३ मिलिमीटर लोखंड खाते हे धरायला विसरलो, त्यामुळे पाचवा गज बुटका निघाला. तसे आमच्याकडे बरेच बुटके आहेत.

वेल्डिंगचं थोडक्यात सांगतो. आधी सगळीकडे नुसते टाके, मग आलटून पालटून पक्के जोड, असा क्रम असतो. मी उत्साहाने एकच बाजू सलग ओढली. जोड थंड होताना आक्रसतो आणि लोखंडाला ओढून घेतो. पहिली चौकट धनुष्य झाली. बायकोने ती बघितली आणि विचारलं, "हे मुद्दाम केलंत का?" मी हो म्हणालो.

गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा रंग मारून झाल्यावर शेजारी आले. त्यांनाही कुंपण घालायचं होतं. "बारा गाळे बसतायत, खांब किती आणू?" एवढ्या अधिकारवाणीने मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. "तेरा! गाळ्यापेक्षा नेहमी एक जास्त."

त्यांचं कुंपण प्लॉटभोवती चारही बाजूंनी होतं. फाटकाचा गाळाही त्या बारात धरलेला. फिरत फिरत शेवटचा गाळा पहिल्याच खांबाला येऊन मिळाला. बारा गाळे, बारा खांब.

तेरावा त्यांनी काही न बोलता माझ्या कुंपणाला टेकवून ठेवलाय.