बॉक्स सेट सडतात म्हणे!

गेले काही महिने एक संदेश फिरतोय. जुन्या मालिकांचे सेट जमवणाऱ्या माझ्यासारख्याला तो दर पंधरा दिवसांनी कुणीतरी काळजीपोटी पाठवतं. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: "डीव्हीडीचं आयुष्य दहा वर्षं. आतला धातूचा थर गंजतो, त्याला डिस्क रॉट म्हणतात. खुद्द वॉर्नर कंपनीने हे कबूल केलंय. दर वेळी लावली की डिस्क झिजते आणि एक चरा पडला की संपली. आता तर सोनीनेही ब्लू-रे बंद केलं. कपाटातले बॉक्स सेट आत्ताच विकून टाका, सगळ्या मालिका स्ट्रीमिंगवर कायमच्या आहेत."

या संदेशात धडधडीत खोटं तसं थोडंच आहे. खऱ्या गोष्टींची मोट चुकीची बांधलीय, म्हणून तो पटतो. तेव्हा एकेक गाठ सोडवू.

आधी ती दहा वर्षं. डीव्हीडी पहिल्यांदा विकायला आली नोव्हेंबर १९९६ मध्ये, जपानात. अमेरिकेत पुढच्या वर्षी. मालिकेचा आख्खा सीझन एका डब्यात घालून विकायची पद्धत २०००च्या आसपास रुळू लागली. दहा वर्षांची मुदत खरी असती, तर २०१०च्या सुमारास ती पहिली पिढी घाऊक मेली असती. माझ्याकडचे त्या काळातले सेट अजून चालतात आणि जमवणाऱ्या बहुतेकांचा अनुभव हाच आहे. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००३ मध्ये ग्रंथपालांसाठी डिस्क हाताळणीची एक मार्गदर्शिका काढली. कारखान्यात बनलेल्या छापील डिस्कबद्दल पुरेशी माहिती नाही असं त्यात सरळ मान्य केलंय आणि अंदाज दिलाय २० ते १०० वर्षांचा. पट्टा इतका रुंद की त्यावर कुणी पैज लावू नये. पण त्याचं खालचं टोकसुद्धा संदेशातल्या आकड्याच्या दुप्पट आहे.

शिवाय "डीव्हीडी" या एका शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात. कारखान्यात बनते ती छापील डिस्क. तिच्यात पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकच्या अंगावरच साच्याने सूक्ष्म खळगे उमटवलेले असतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर बसवलेला असतो. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये खळगे नसतात. तिथे सेंद्रिय रंगाचा थर असतो, लेझरने तो जागोजागी भाजला जातो. हा रंग उजेडाने आणि उष्णतेने उतरतो. खिडकीपाशी पडलेली स्वस्तातली बर्न केलेली डिस्क काही वर्षांतच वाचता येईनाशी झाली, यात नवल काही नाही. पण त्या अनुभवावरून छापील सेटचं भविष्य सांगायला जाऊ नये.

इथे एक मेख आहे, आणि ती संदेश लिहिणाऱ्याला ठाऊक दिसत नाही. दुकानातून रीतसर घेतलेला सेटही बर्न केलेला असू शकतो! फारसा खप नसलेल्या जुन्या मालिका काही कंपन्या मागणी येईल तशा बर्न करून विकतात. वॉर्नरने २००९ मध्ये आपल्या 'आर्काइव्ह' मालेची सुरुवात अशाच डिस्कनी केली. नकली सेटही बरेचदा असेच असतात. डिस्क उलटी करून पाहा. खालची बाजू जांभळट किंवा निळसर दिसली तर ती बर्न केलेली समजा. छापील डिस्क चंदेरी दिसते, दोन थरांची असेल तर किंचित सोनेरी. जांभळट सेट असतील तर मात्र काळजी करायला हरकत नाही.

आता गंजण्याचं. डिस्क रॉट हे काही भूत नाही, तो खरा आजार आहे. डीव्हीडी १.२ मिलिमीटर जाडीची, ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून बनते आणि माहितीचा थर या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. चिकटवण नीट बसली नाही, कडेला फट राहिली किंवा गोंदातच काही बिघाड असला, की हवा-ओलावा आत शिरतो आणि ॲल्युमिनियमची चमक जाते. चमक गेली की लेझरला परत उजेड मिळत नाही. सीडीमध्ये असंच घडल्याचं जुनं उदाहरण इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्याचं. तिथे साधारण १९८८ ते १९९३ दरम्यान निघालेल्या अनेक सीडी कडेकडून तांबूस होत गेल्या. इतर कारखान्यांतल्या त्याच वर्षांच्या सीडी मात्र बहुतांशी ठणठणीत राहिल्या.

वॉर्नरचंही तसंच. २०२५ मध्ये त्यांच्या होम व्हिडिओ विभागाने मान्य केलं की २००६ ते २००८ या काळात बनलेल्या काही डीव्हीडींमध्ये दोष आढळला आहे आणि ग्राहकांना त्या बदलून दिल्या जात आहेत. संदेशाने यातून "वॉर्नर" उचललं, "डीव्हीडी" उचललं. "२००६ ते २००८" आणि "काही" एवढं तेवढं गाळलं. नेमकी गोम तिथेच आहे. रोग बॅचला होतो. कुठल्या कारखान्यात, कोणत्या साली, कसल्या गोंदाने डिस्क चिकटवली यावर तो ठरतो. डिस्कचं वय त्यात दुय्यम आहे.

पण याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी, कारण सेट जमवणारे आम्ही लोक ती टाळतो. "मी तर डिस्क पुस्तकासारख्या उभ्या ठेवतो, कपाट कोरडं आहे, मला काय होतंय" हा आमचा आवडता दिलासा. सदोष बॅचची डिस्क अशा कपाटातही मरते, अगदी सील न फोडलेल्या डब्यातसुद्धा. तिथे मालकाच्या निगुतीचा काही उपयोग नसतो. वॉर्नरच्याच निवेदनात असंही होतं की जे शीर्षक आता छापलं जात नाही किंवा ज्याचे हक्क संपलेत, त्याच्या बदल्यात तेवढ्याच किमतीचं दुसरं काहीतरी मिळेल. सिनेमाचं एकवेळ चालेल. पाचव्या सीझनची चौथी डिस्क गेली असताना दुसरी कुठली तरी मालिका घेऊन काय करायचं?

सेटचा कच्चा दुवा तो हाच. समजा, एखादी डिस्क बिघडण्याची शक्यता शंभरात एक आहे. (आकडा गृहीत आहे, फक्त हिशेबासाठी.) एका सिनेमाच्या बाबतीत तो धोका कुणी मोजणारही नाही. पण ३० डिस्कच्या सेटमध्ये किमान एक तरी बिघडलेली निघण्याची शक्यता २६ टक्क्यांवर जाते. "माझा पूर्ण सेट खराब निघाला" असं म्हणणाऱ्यांकडे बहुधा ३० पैकी एक किंवा दोन डिस्क गेलेल्या असतात. संताप मात्र आख्ख्या सेटचा असतो, आणि तो मला समजतो.

त्यातही वाईट जात म्हणजे दोन्ही बाजूंनी वाजणारी, दोन्ही बाजूंना दोन-दोन थर असलेली डिस्क. डीव्हीडी-१८ म्हणतात तिला. चार थर, सुमारे १७ जीबी. एकेकाळी सीझन कमी डिस्कमध्ये बसवून खर्च वाचवायला ती वापरली गेली. बनवायला किचकट, त्यामुळे दोष जास्त; वर चित्र छापायला जागा नाही, म्हणून कुठली बाजू वर आहे ते मधल्या कड्यावरची बारीक अक्षरं वाचून ठरवायचं; आणि बोटांचे ठसे कुठेही उमटले तरी ते वाचायच्याच बाजूवर. असा सेट कितीही स्वस्तात मिळाला तरी मी आता घेत नाही.

संदेशाच्या काही आवृत्त्यांत एक चाचणीही सांगतात: डिस्क दिव्यासमोर धरा, टाचणीएवढी भोकं दिसली तर ती सडलीय. ही चाचणी भरवशाची नाही. अशी एखाददुसरी बारीक भोकं नव्याकोऱ्या डिस्कमध्येही असतात. उलट त्या २००६-०८च्या मेलेल्या डिस्क बऱ्याचदा नुसत्या डोळ्यांना छान दिसतात. खरी चाचणी वाजवून बघण्याचीच, आणि तीही योग्य जागी. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. दोन थरांची असेल तर पहिला थर आतून कडेपर्यंत आणि दुसरा बहुधा कडेपासून परत आत. बिघाड बरेचदा कडेपासून सुरू होतो. म्हणजे चार भागांच्या डिस्कमध्ये तो दिसणार दुसऱ्याच्या शेवटी आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला. चित्राचे चौकोन फुटतात, आवाज अडखळतो, मग सगळं थिजतं. पहिला भाग झकास लागला म्हणून डिस्क परत डब्यात ठेवणारे इथेच फसतात.

"दर वेळी लावली की झिजते" याला फार शब्द खर्चायला नकोत. ग्रामोफोनची सुई तबकडीला घासते, व्हिडिओ कॅसेटची फीत हेडवर घासते. डीव्हीडीवर पडतो तो ६५० नॅनोमीटरचा लाल उजेड. त्याने छापील डिस्क झिजत नाही, एकदा लावा नाहीतर हजारदा.

चऱ्याचं मात्र सविस्तर बोलू. लेझरचा केंद्रबिंदू पृष्ठभागाच्या ०.६ मिलिमीटर आत असतो, त्यामुळे वरचा बारीक ओरखडा त्याला धूसर दिसतो. शिवाय डिस्कवर माहितीसोबत रीड-सोलोमन पद्धतीची जादा माहिती लिहिलेली असते. मधला तुकडा वाचता आला नाही तर प्लेअर तो गणिताने भरून काढतो. केंद्राकडून कडेकडे गेलेला चरा तो सहसा पचवतो. मार्गाच्या दिशेने, म्हणजे गोलाकार गेलेला चरा जास्त नडतो, कारण तिथे सलग माहिती जाते. म्हणूनच डिस्क मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. ब्लू-रे या डीव्हीडीच्या पुढच्या पिढीचं गणित वेगळं. तिचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर, म्हणून तिला कडक लेप दिलेला असतो. तिच्यावर चरे सहजी उठत नाहीत. पण खोल गेलाच, तर डीव्हीडीसारखी पॉलिश करून ती वाचवता येत नाही.

हे चरे येतात कुठून? बहुतेक वेळा डब्यातूनच, आणि बॉक्स सेटच्या टिकाऊपणाबद्दल तक्रारच करायची तर ती इथे करा. डिस्क बनवणाऱ्यांनी काम चोख केलं, डबा बनवणाऱ्यांनी त्यावर पाणी फिरवलं! जाड पुठ्ठ्याच्या घट्ट कप्प्यात खुपसलेल्या डिस्क: दर वेळी काढताना-घालताना पुठ्ठा घासणार. एकीवर एक अर्ध्या चढवलेल्या डिस्क: तिसरी हवी तर आधी पहिली-दुसरी काढा. मधल्या दातेरी खुंटीची पकड इतकी जबर, की काढताना डिस्क कमानीसारखी वाकते आणि कालांतराने मधल्या भोकापासून तडा जातो. तडा गेलेली डिस्क वेगाने फिरताना प्लेअरमध्ये फुटू शकते, ती पुन्हा लावू नका. आणि फोमची खुंटी! काही वर्षांत तिचा चिकट भुगा होतो आणि डिस्क आतल्या आत मोकळ्या खडखडतात.

माझ्याकडे एका मालिकेचा संपूर्ण सेट आहे, डबा देखणा, पुस्तकासारखा उघडणारा. सील फोडलं तेव्हा दोन डिस्क खुंटीवरून सुटून फिरत होत्या आणि दोन्हींवर नव्यातच चरे होते. मी बदलून मागितला. दुसरा आला त्यात एकच डिस्क सुटलेली होती, म्हणून प्रगती मानून ठेवून घेतला. त्यातल्या सगळ्या डिस्क आता एकेक खुंटीच्या साध्या प्लॅस्टिक डब्यांत आहेत आणि तो देखणा डबा रिकामा, शोभेला.

सोनीने काय बंद केलं? फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबलं ते रेकॉर्ड करण्याच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन. मिनीडिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेटही त्याच यादीत होत्या. मालिका-सिनेमे ज्यावर विकले जातात त्या छापील ब्लू-रेशी त्या निर्णयाचा संबंध नव्हता. प्लेअरची चिंता खरी आहे, हे मात्र खुल्या मनाने मान्य. ओप्पो २०१८ मध्ये त्या धंद्यातून बाहेर पडली, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं. तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये एचडी डीव्हीडी ही ब्लू-रेची प्रतिस्पर्धी डिस्क सोडून दिली, तेव्हा त्या डिस्क घेतलेल्यांचं काय झालं हेही आम्ही पाहिलंय. फरक इतकाच, की ब्लू-रे प्लेअर डीव्हीडीही वाचतो, आणि अशी यंत्रं जगभर पुष्कळ आहेत. एक चालू प्लेअर आणि संगणकाला जोडायचा एक ड्राइव्ह जादाचा ठेवला की माझी झोप उडत नाही.

राहिलं ते "स्ट्रीमिंगवर कायमच्या". एचबीओने 'वेस्टवर्ल्ड' ही स्वतःच बनवलेली मालिका डिसेंबर २०२२ मध्ये स्वतःच्याच सेवेवरून उतरवली. डिस्नेने 'विलो' ही मालिका पहिला भाग येऊन सहा महिनेही झाले नसताना मे २०२३ मध्ये काढून टाकली. 'द सिम्पसन्स' डिस्नेच्या सेवेवर नोव्हेंबर २०१९ मध्ये आली तेव्हा जुन्या चौकोनी भागांची डोकी-पायथे कापून ते रुंद केलेले होते. मूळ आकारात पाहायची सोय पुढच्या वर्षी मे महिन्यात आली. मायकल जॅक्सनचा आवाज असलेला तिचा एक भाग तर २०१९ मध्ये प्रसारणातून मागेच घेतला गेला. तिसऱ्या सीझनच्या डीव्हीडी सेटमध्ये तो आहे. अर्थात डिस्क म्हणजे अस्सलच, असंही नाही. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' या जुन्या अमेरिकी मालिकेचा पहिला सीझन २००७ मध्ये डीव्हीडीवर आला तेव्हा हक्कांच्या खर्चापायी त्यातली बरीच गाणी बदललेली होती. सेट घेण्याआधी एवढी चौकशी करावीच.

संदेश वाचून मी सेट विकले नाहीत, यादी केली. २००६ ते २००८ मधल्या डिस्क वेगळ्या काढल्या, जांभळट वेगळ्या, दुहेरी बाजूच्या वेगळ्या. रोज रात्री जेवणानंतर एक डिस्क संगणकात घालून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतो. आतापर्यंत ६४ झाल्या, त्यातल्या तीन गेलेल्या निघाल्या, तिन्ही २००७ च्या. अकरा राहिल्यात. त्यातली एक चार थरांची, दोन्ही बाजूंची आहे. तिला मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलंय.