“18 पूर्ण झाले, बापाची जबाबदारी संपली”: या मेसेजमध्ये खरं किती?

‘प्रत्येक पुरुषाने वाचावी अशी कायदेशीर माहिती’ या मथळ्याचा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. तारखेला आलेले पक्षकार हल्ली कागद नंतर काढतात, आधी मोबाइल पुढे करतात. मेसेजचा सारांश असा: कायद्याने मूल म्हणजे 18 वर्षांखालचं, 18 पूर्ण झाले की बापाची जबाबदारी शून्य, लग्नाशिवाय किंवा रद्दबातल लग्नातून झालेलं मूल कायद्याने मूलच नाही, आई कमावती असेल तर बापाने काही द्यायचं नसतं, आणि घटस्फोटाच्या वेळी बायकोने पोटगी लेखी सोडली की मुलांचाही विषय कायमचा मिटला. या पाचांतली दोनच वाक्यं अर्धीमुर्धी खरी आहेत, आणि त्यांच्या जोरावर बाकीचं खपून जातं.

“मूल म्हणजे 18 वर्षांखालचं”

सज्ञान होण्याचं वय 18, हे बरोबर. 1875 चा सज्ञानतेचा कायदा तेच सांगतो आणि मोजायचं कसं तेही सांगतो. जन्माचा दिवस पूर्ण धरायचा. म्हणजे 10 जून 2008 ला जन्मलेला मुलगा 10 जून 2026 ही तारीख लागताक्षणी सज्ञान. कोर्टाने पालक नेमला असेल तर हेच वय 21 धरलं जायचं; तो फरक 1999 च्या दुरुस्तीने गेला. पण लग्न, मेहर, घटस्फोट आणि दत्तक यांबाबतच्या क्षमतेला आपण हात लावत नाही, असं हाच कायदा सुरुवातीला सांगून टाकतो.

बाकीचे कायदे आपापल्या कामापुरतं मोजतात. बालकामगार कायद्यात मूल 14 पर्यंत, पुढे 18 पर्यंत किशोर. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात मुलगी 18 पर्यंत, मुलगा मात्र 21 पर्यंत ‘बालक’. मतदान करून आलेला वीस वर्षांचा नवरदेव त्या कायद्यापुरता बालकच. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा तर याच्या बरोबर उलट आहे. त्यात अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात, आणि अज्ञान, म्हणजे अजून सज्ञान न झालेला, असेल तो त्यातून वगळलेला. कारण उघड आहे, तिथे अपत्याकडून घ्यायचं असतं. 1869 च्या घटस्फोट कायद्याच्या मूळ मसुद्यात ‘नेटिव्ह’ बापाचा मुलगा सोळाव्या वर्षापर्यंत आणि मुलगी तेराव्या वर्षापर्यंतच अज्ञान होती. इतरांची अविवाहित मुलं मात्र अठरापर्यंत. साहेबाच्या पोराला बालपणही जास्त मिळायचं. तेव्हा ‘कायद्याने मूल म्हणजे’ असं वाक्य कुणी सुरू केलं, की कोणत्या कायद्याने, हे आधी विचारावं.

“18 नंतर जबाबदारी शून्य”

अर्धं खरं म्हटलं त्यातलं पहिलं हे. धडधाकट मुलगा 18 चा झाला की पोटगीच्या कायद्यांच्या शब्दांत त्याला स्वतःचा हक्क उरत नाही, तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असला तरी. हे मला पटत नाही. अठराव्या वाढदिवसाला कुणाच्या हाताला नोकरी लागत नाही. पण कायदा आज तसा आहे, म्हणून घटस्फोटाच्या अटी लिहितानाच ‘पदवीपर्यंतचा खर्च वडील करतील’ हे वाक्य घालून घ्यावं.

मेसेज लिहिणाऱ्याने मात्र मुलाचा नियम सरसकट सगळ्यांना लावलाय. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम 125, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, वाचून पाहा. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे किंवा इजेमुळे स्वतःचं पोट भरू न शकणारं अपत्य सज्ञान झालं तरी त्याचा हक्क तिथे शाबूत आहे. फक्त विवाहित मुलगी त्यातून वगळली आहे. त्याला वयाची वरची मर्यादा नाही. पस्तिशीतल्या, अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठीही अर्ज चालतो.

अविवाहित मुलीची गोष्ट आणखी वेगळी, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956, कलम 20: अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल, तोवर आईवडिलांची जबाबदारी चालू राहते. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हा कायदा लागू आहे. त्यातल्या ‘निर्वाहा’च्या व्याख्येत अशा मुलीच्या लग्नाचा वाजवी खर्चही येतो. मग मुलीच्या अठराव्या वाढदिवशी पोटगी बंद होते ती का? कारण अर्ज 125 खाली झालेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये हे स्पष्ट केलं: व्यंग नसलेल्या सज्ञान मुलीला दंडाधिकाऱ्याकडे 125 खाली पोटगी मिळणार नाही, मात्र 1956 च्या कायद्याखाली ती मागू शकते. हक्क आहे, फक्त दार दुसरं. बापाचा वकील पहिलं दार बंद झाल्याचा हुकूम दाखवतो, दुसऱ्या दाराचं नावही काढत नाही. ते त्याचं कामही नाही म्हणा.

मुस्लिम कुटुंबांत याच मेसेजची निराळी आवृत्ती चालते: घटस्फोटानंतर मुलांचा खर्च फक्त दोन वर्षं. मुस्लिम महिलांच्या घटस्फोटानंतरच्या हक्कांच्या 1986 च्या कायद्यात दोन वर्षांचा उल्लेख आहे, पण तो मूल सांभाळणाऱ्या घटस्फोटितेने मागायच्या रकमेबद्दल. मुलांचा 125 खालचा स्वतःचा हक्क त्याने संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच दिला. मुलींच्या बाबतीत तर लग्न होईपर्यंत.

“अनौरस मूल म्हणजे मूल नाही”

हे साफ खोटं आहे. 125 मध्ये आणि 1956 च्या कायद्यात ‘औरस किंवा अनौरस’ हे शब्द धडधडीत छापलेले आहेत. पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं, ते रद्दबातल ठरलं, म्हणून त्या लग्नाची मुलं वाऱ्यावर सोडता येत नाहीत. हिंदू विवाह कायद्याचं कलम 16 त्यांना औरसच मानतं. 1 सप्टेंबर 2023 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत आईबापाच्या वाट्याला जो हिस्सा आला असता, त्यात या मुलांना वाटा आहे. इतर नातेवाइकांच्या हिश्श्यात नाही. मेसेजवाल्याने वारसाहक्काची ही मर्यादा उचलून पोटगीला चिकटवलेली दिसते.

‘मूल माझं नाहीच, डीएनए करा’ हा पवित्राही सर्रास घेतला जातो. लग्न टिकून असताना किंवा ते संपल्यापासून 280 दिवसांत, आईने पुनर्विवाह केलेला नसताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं पुराव्याचा कायदा धरून चालतो. त्या काळात दोघांची भेट होणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर असते. नुसता संशय आहे म्हणून कोर्ट चाचणीचा हुकूम देत नाही.

सावत्र मुलाचा उल्लेख 125 मध्ये नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात मात्र 18 खालच्या बालकाच्या व्याख्येतच दत्तक, सावत्र आणि सांभाळायला घेतलेलं मूल धरलंय. दुसऱ्या लग्नात मुलं घेऊन आलेल्या बाईने तो कायदा वाचावा.

“आई कमावती, बाप मोकळा”

नाही. 1956 च्या कायद्याने जबाबदारी दोघांची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2020 च्या मार्गदर्शक निकालानुसार मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करायचा, आणि आई पुरेसं कमावत असेल तर दोघांनी मिळकतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. म्हणजे आईच्या पगाराने बापाचा वाटा कमी होऊ शकतो, एवढंच. हे दुसरं अर्धसत्य.

“लेखी सोडलं, विषय मिटला”

परस्पर संमतीच्या अर्जात एक ठरीव वाक्य असतं: ‘अर्जदार क्र. 2 यांनी स्वतःसाठी व मुलासाठी पोटगीचा हक्क कायमचा सोडला आहे.’ सुटका लवकर व्हावी म्हणून बाई सही करते. स्वतःपुरतं ते तिला अडवू शकतं. पण मुलाचा हक्क मुलाचा असतो, आई तो त्याच्या वतीने कायमचा विकू शकत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली हुकूमनाम्यानंतरही अज्ञान मुलांच्या निर्वाहाचा आणि शिक्षणाचा हुकूम नव्याने मागता येतो, असलेला बदलता येतो. विशेष विवाह कायद्याचं कलम 38 तेच सांगतं.

या मेसेजमुळे होणारं खरं नुकसान थकबाकीचं आहे. ‘दोन वर्षांत पोरगा 18 चा होणारच, मग सगळंच माफ’ असं समजून पैसे थांबवले जातात, आणि तेच खरं समजून आई गप्प बसते. 18 व्या वाढदिवसाच्या आधीच्या महिन्यांची ठरलेली रक्कम त्या वाढदिवसाने माफ होत नाही. न भरलेल्या एकेका महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र 125, म्हणजे आताच्या 144, खाली वसुलीचं वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज पडला पाहिजे. मार्चची रक्कम थकली असेल तर पुढच्या मार्चमधली तीच देय तारीख उलटायच्या आत वसुलीचा अर्ज दाखल करा.