‘टोमण्यांनाही हिंसा म्हणता, मग आकडा फुगणारच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतल्या वैवाहिक हिंसेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबणार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: टोमणे धरून आकडा फुगवला आहे, सासू शेजारी असताना कोण खरं बोलणार, महाराष्ट्रात नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्या बायकांचा आकडा पाहणीच्या चौथ्या फेरीतल्या २१.३ टक्क्यांवरून पाचव्या फेरीत २५.२ वर गेला तो टाळेबंदीमुळे. आणि पुरुषांना कुणी विचारतच नाही.

पहिल्या दोन आक्षेपांचं आपसात जमत नाही, हे आधी सांगतो. सासूच्या धाकानं बाई गप्प बसली तर आकडा कमी येईल, फुगणार नाही.

आता टोमण्यांचं. अपमान, धमकी, चारचौघांत पाणउतारा हे प्रश्न पाहणीत आहेत, पण त्यांची मोजणी वेगळी होते. २५.२ टक्क्यांत फक्त शारीरिक आणि लैंगिक हिंसा आहे. शिवाय ‘तुमचा छळ होतो का?’ असं मोघम विचारलेलंच नसतं. एकेक कृती विचारतात: थोबाडीत मारली का, हात पिरगाळला किंवा केस ओढले का, ढकललं का किंवा काही फेकून मारलं का, लाथ मारली किंवा फरफटत नेलं का, गळा दाबला किंवा मुद्दाम भाजलं का. मग प्रत्येकीबद्दल गेल्या १२ महिन्यांत किती वेळा, ते. असं विचारण्याचं कारण आपल्या भाषेतच सापडेल. ‘मारहाण होते का?’ म्हटलं की बाई ‘नाही’ म्हणते आणि पुढच्याच वाक्याला ‘रागाच्या भरात कधी हात उचलतात, तेवढंच’ अशी पुस्ती जोडते. मोघम प्रश्नात हे ‘तेवढंच’ निसटतं.

सासूचा मुद्दा मात्र रास्त आहे आणि पद्धत ठरवणाऱ्यांनी तो आधीच धरला आहे. हा भाग सगळ्या घरांत विचारतच नाहीत, नमुन्यातल्या १५ टक्के घरांतच विचारतात, आणि एका घरातल्या एकाच बाईला. ती कोण, हे मुलाखत घेणारी ठरवत नाही, ठरलेल्या तक्त्यानुसार निवड होते. दोन्ही जावांना विचारलं तर काय विचारलं ते दोघींना कळणार, आणि तिथून नवऱ्याच्या कानावर जायला वेळ लागत नाही. एकांत मिळालाच नाही तर तशी नोंद करून हा भाग सोडून देतात. मधेच कुणी आलं तर विषय बदलायचा, ही अशा मुलाखतींची शिस्त आहे. गळती तरीही राहते: जिथे बाईला घटकाभर एकटं बसू देत नाहीत, नेमकी ती घरं मोजणीतून सुटतात. ही चूक आकडा खाली ओढते.

टाळेबंदीचं कारण लागू पडत नाही. पाचव्या फेरीचं काम दोन टप्प्यांत झालं. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता आणि तो टप्पा ३० जानेवारी २०२० ला संपला. कर्नाटकही त्याच टप्प्यात, आणि तिथला आकडा २०.६ वरून थेट ४४.४! त्यावर मी ‘हिंसा दुप्पट झाली’ असं लिहिलं, ते चुकलं. चार-पाच वर्षांत एका राज्यातले नवरे इतके बदलत नाहीत. प्रशिक्षण, मुलाखतीतले शब्द, बायकांचं मोकळेपणानं बोलणं, यातलं काहीतरी बदललं असणार, आणि कशाचा वाटा किती ते या आकड्यावरून सुटं करता येत नाही. आपल्या चार टक्क्यांच्या वाढीलाही हाच इशारा लागू आहे.

शिवाय हे आकडे ‘लग्नानंतर कधीतरी’ या प्रश्नाचे आहेत. पंधरा वर्षांपूर्वी मार खाल्लेली आणि आता शांतपणे नांदणारी बाई दोन्ही फेऱ्यांत धरली जाते. बदल बघायचा तर १२ महिन्यांचा आकडा काढावा. आणि जिल्हावार हिंसेचे तक्ते फिरताना दिसले तर ते या पाहणीचे समजू नका. १५ टक्के घरांच्या नमुन्यावर राज्याचा अंदाज येतो, जिल्ह्याचा नाही.

पुरुषांबद्दल: त्यांना हा भाग विचारत नाहीत, ही मर्यादा खरीच आहे. पण नवरा मारत नसताना तुम्ही आपणहून त्याच्यावर हात उचललात का, हा प्रश्न बायकांना विचारतात. आणि बायकोला मारणं कोणत्या प्रसंगी योग्य, हे पुरुषांनाही विचारतात. घराकडे दुर्लक्ष, उलट उत्तर, सासरच्यांचा मान न ठेवणं, नीट स्वयंपाक न करणं असे सात प्रसंग आहेत. त्यातला एक तरी प्रसंग ४४ टक्के पुरुषांना पटला, आणि ४५ टक्के बायकांनाही.

‘मग पोलिसांत इतक्या कमी तक्रारी का?’ असं तुम्ही जाता जाता विचारलंत. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के बायकांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. मदत मागितली फक्त १४ टक्क्यांनी, त्यातही सगळ्यात जास्त जणींनी माहेरी. पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत यातल्या किती पोचणार?

कर्नाटकाचं वाक्य मूळ लेखात दुरुस्त केलं आहे. खाली दुरुस्तीची तारीख दिसेल.