एक उंदीर, तीन बिळं

आमच्या घरात पंखे चार, कूलर एक. त्यामुळे मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर गेला की घरातली सगळी माणसं, सगळी कामं आणि सगळी यंत्रं त्या एका कूलरच्या झोतात येऊन बसतात. अप्पांची बाज, बायकोची निवडायची मेथी, पोरीची वह्या-पुस्तकं आणि माझं टेबल. हे टेबल मूळचं आईच्या शिलाई मशीनचं, तीन फूट बाय दोन फूट. त्यावर तीन कॉम्प्युटर नांदतात.

पहिला पुण्याच्या कंपनीचा लॅपटॉप. मान दुखते म्हणून तो दोन जाडजूड जुन्या डायऱ्यांवर उंच बसवलाय. त्यामुळे मान सुटली, पण त्याच्या कीबोर्डवर हात पोचेना. दुसरा माझा स्वतःचा डेस्कटॉप. त्यावर मावसभावाच्या टॉवेल कारखान्याचं टॅली आणि जीएसटी. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र भरायची मुदत २० तारीख, म्हणून मावसभाऊ बिलांची पिशवी १९ ला रात्री साडेनऊला आणून देतो आणि वर विचारतो, "जेवण झालं का?" तिसरा म्हातारा लॅपटॉप. त्याला विंडोज झेपेना म्हणून भाच्यानं त्यात लिनक्स घातलं. पुढं त्याच्या कीबोर्डवर चहा सांडला आणि 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळं गेलं. स्क्रीन मात्र अजून ठणठणीत.

म्हणजे कॉम्प्युटर तीन आणि टेबलावर जागा एका कीबोर्डची, एका माऊसची. उरलेल्या जागेत अप्पांच्या गोळ्यांचा डबा असतो. तो हलवायचा नाही, हा घरचा कायदा आहे.

पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये मी वाचलं की डग्लस एंगलबार्ट नावाच्या माणसाच्या डोक्यातून माऊस निघाला आणि १९६४ साली त्याचा पहिला नमुना तयार झाला, तोही लाकडी. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं तो लोकांना चालवून दाखवला. तेव्हा कॉम्प्युटर एक आणि त्यावर बसणारी माणसं अनेक, अशी वाटणी असायची. आता माझ्याकडं माणूस एक, कॉम्प्युटर तीन. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

आधी मी केव्हीएम स्विच आणला. कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस यांची आद्याक्षरं म्हणून केव्हीएम. चपटी डबी, एकीकडं कीबोर्ड, माऊस, मॉनिटर जोडायचा, दुसरीकडं तिन्ही कॉम्प्युटर. मग स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की मॉनिटरसकट सगळं पुढच्या कॉम्प्युटरवर. स्क्रोल लॉक! वीस वर्षं बघतोय, त्या बटणाला कुणी काम दिलेलं पाहिलं नव्हतं. आता त्याच्या नोकरीचं जमत होतं, तर माझ्या नव्या कीबोर्डवर ते बटणच नव्हतं. मग डबीवरचं बटण. ती डबी वायरींच्या गुंत्यात टेबलाखाली, कूलरच्या पाण्याच्या बादलीशेजारी. दर वेळी वाकायचं, बटण दाबायचं, तीन सेकंद काळा पडदा बघायचा. तीन सेकंद फार वाटत नाहीत, पण आपण या कॉम्प्युटरवर कशाला आलो होतो हे विसरायला तेवढे पुरतात.

भाचा बेंगळुरूहून फोनवर म्हणाला, "मामा, डबी काढून टाका. सॉफ्टवेअर टाकू." मायक्रोसॉफ्टचं माऊस विदाऊट बॉर्डर्स आहे, त्यात एका कीबोर्ड-माऊसवर चार कॉम्प्युटरपर्यंत चालवता येतात, पण ते फक्त विंडोजसाठी. आमचं तिसरं लेकरू लिनक्सचं. म्हणून विंडोज-लिनक्स दोन्हींवर तेच काम करणाऱ्या सिनर्जी नावाच्या सॉफ्टवेअरच्या जातकुळीतलं एक घेतलं. कंपनीच्या लॅपटॉपवर ते टाकायला आयटीवाल्यांची परवानगी मिळवली. त्या पत्रव्यवहाराचा वेगळा लेख होईल.

याची गंमत अशी. कीबोर्ड-माऊस एकाच कॉम्प्युटरला जोडायचा, तो सर्व्हर. बाकीचे दोघे क्लायंट. वायर नाही, डबी नाही, सगळं घरच्या वायफायवरून. कुणाच्या डाव्या हाताला कोण बसलंय ते एकदा सांगून ठेवायचं. मग माऊस सरकवत नेला की बाण एका स्क्रीनच्या कडेवरून पलीकडं उडी मारतो आणि दुसऱ्या स्क्रीनवर उगवतो. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी "आयला!" म्हणालो आणि बायको मेथी टाकून बघायला आली.

अप्पाही बाजेवर उठून बसले. अप्पांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं चादरीचे माग चालवले. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो धोटा. बाण इकडून तिकडं जाताना बघून म्हणाले, "धोटा हाय की बे हा!"

मग मीही चेव येऊन सांगितलं, की अप्पा, तुमच्या जॅकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या भोकांवरून चादरीची नक्षी उठायची ना, ती युक्ती जॅकार्ड नावाच्या माणसानं फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास पक्की केली. तीच भोकं पुढं बॅबेज नावाच्या इंग्रज गणितज्ञानं आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी घ्यायची ठरवली. अमेरिकेत १८९० ची जनगणना भोकांच्या कार्डांवर मोजली. कॉम्प्युटरचं मूळ तिथं आहे. अप्पांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे हे आमच्यातनंच निघालंय. मग तुला का जमंना?"

जमत नव्हतं ते खरंच. आधी वीज. दुपारी वीज गेली की पंखा इन्व्हर्टरवर चालतो, राउटर नाही. वीज परत आली की राउटर सगळ्यांना नव्यानं पत्ते वाटतो. काल १९२.१६८.१.५ वर राहणारा सर्व्हर आज ७ वर राहायला गेलेला असतो आणि दोन्ही क्लायंट जुन्या दारावर थापा मारत उभे. हे कळायला मला चार दिवस लागले आणि भाच्याला चार सेकंद. "मामा, पत्ता फिक्स करून ठेवा की!"

पण खरी आपत्ती पत्त्याची नव्हती, नजरेची होती. डबीच्या काळात एकच मॉनिटर होता, जे दिसायचं तिथंच टाइप व्हायचं. आता स्क्रीन तीन. डोळे जिथं आहेत तिथं अक्षरं उमटत नाहीत, बाण जिथं आहे तिथं उमटतात. आणि बाण कुठं आहे हे बाणालाच ठाऊक.

एका सोमवारी सकाळी ऑफिसची मीटिंग चालू होती. बाविसेक माणसं. कारखान्याचं टॅली पासवर्ड मागत होतं. मी टॅलीकडं बघत पासवर्ड टाइप केला, ऐटीत एंटर मारला. टॅली ढिम्म. परत केला, जरा जोरात. परत ढिम्म. तिसऱ्यांदा एकेक अक्षर दाबून केला. तेवढ्यात मीटिंगमध्ये कुणीतरी खोकलं. वर डायऱ्यांवरच्या लॅपटॉपकडं पाहिलं, तर सगळ्यांच्या चॅटमध्ये माझ्या नावापुढं एकाखाली एक तीनदा: कडकभाकरी१२३.

मिनिटभर कुणी बोललं नाही. मग नाशिकच्या एकीनं खाली लिहिलं, "सोबत काय आहे?"

पासवर्ड लगेच बदलला. नवा सांगणार नाही, पण तो कडक भाकरीबरोबरच खातात.

त्या दिवशी अप्पा जेवताना म्हणाले, "आमचा माग बरा. धोटा पलीकडच्या पेटीत पोचला न्हाई तर खाडकन बंद पडायचा. तुझं हे थांबत न्हाई. चुकीच्या कापडावर विणतच बसतंय." कॉम्प्युटरवर इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, भाच्यानंही नाही. पुढं म्हणाले, "मी एकटा दोन माग संभाळायचो. तुझे तीन. पण कापड कुठाय?"

यावर उत्तर नव्हतं. मी ताकाची वाटी तोंडाला लावली.

तेव्हापासून एक नवी व्यवस्था आपोआप सुरू झाली. बाण हरवला की मी माऊस गरागरा फिरवतो. सगळेच फिरवतात, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं. अप्पा बाजेवरून विचारतात, "काय हुडकूलालास बे?" आणि मी सांगायच्या आत, "त्यो बघ, मधल्याच्या खालच्या कोपऱ्यात." अप्पांना पेपरातला मथळा चष्म्याशिवाय वाचता येत नाही. पण हजारो उभ्या धाग्यांतला तुटलेला एक धागा बत्तीस वर्षं हुडकलेले डोळे आहेत ते. हलणारी बारीक वस्तू त्यातून सुटत नाही. हळूहळू त्यांची बाज फूटभर पुढं सरकली. आता ती माझ्या खुर्चीला टेकलेली असते.

परवाच्या मीटिंगमध्ये मला स्क्रीन दाखवायची होती. आकडे बदलता बदलता बाण निसटला आणि मी जोरजोरात टाइप करत राहिलो. माईक चालू होता. मागून आवाज आला, चांगला माग-खात्यातला, खडखडाटाच्या वर चढणारा:

"थांब बे! तिसऱ्या मागावर गेलास! डावीकडं ये, डावीकडं!"

साहेब म्हणाले, "हे कोण?"

"वडील आहेत, सर."

"बरं," साहेब म्हणाले आणि मीटिंग पुढं गेली.

काल साहेब स्वतः स्क्रीन दाखवत होते. त्यांच्याकडंही दोन मॉनिटर आहेत. एका आकड्यावर बोट ठेवायला गेले आणि त्यांचा बाण गायब. सगळे गप्प. साहेबांनी माऊस गरागरा फिरवला, दोनदा घसा खाकरला आणि मग अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "तुमचे वडील आहेत का हो घरी?"