सीआरपी वाढला म्हणून स्टेरॉइड? थांबा

‘विषाणूसंसर्गात सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर वाढले की सायटोकाइन स्टॉर्म सुरू झालंच समजा. लगेच स्टेरॉइड द्या. आकडे उतरले की पेशंट धोक्याबाहेर.’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. (सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर या रक्ताच्या तपासण्या; सायटोकाइन स्टॉर्म म्हणजे प्रतिकारशक्ती अनावर होऊन शरीरालाच इजा करू लागते ती अवस्था; स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबतं.) त्यातला एकही दावा टिकत नाही, आणि मधला तर जिवावर बेतू शकतो.

आधी स्टॉर्मचं बघू. सीआरपी यकृतात बनतो. इंटरल्यूकिन-6 या प्रतिकारशक्तीच्या निरोप्या प्रथिनाचा इशारा मिळाला की काही तासांतच तो चढू लागतो. हा इशारा न्यूमोनियात मिळतो, तसाच मोठ्या ऑपरेशननंतर किंवा गंभीर भाजल्यावरही. फेरिटिन यकृताच्या आजारात वाढतं, डी-डायमर वयानुसार आणि गरोदरपणातही. हे आकडे वाढले की काहीतरी बिघडलंय एवढं कळतं, कशामुळे ते कळत नाही. आणि एकक जरूर वाचा: काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. पहिल्यातले 75 म्हणजे दुसऱ्यातले 7.5. रिपोर्टच्या फोटोत एककाचा रकाना कापला गेला, की दहापट घोळ झालाच.

आता स्टेरॉइड. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत 2020 साली कोविडच्या दाखल रुग्णांना रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं गेलं, जास्तीत जास्त 10 दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये 28 दिवसांतले मृत्यू 41.4 टक्क्यांऐवजी 29.3 टक्के झाले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही. उलट मृत्यू 14 टक्क्यांऐवजी 17.8 टक्के. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण विनाकारण तो धोका का पत्करायचा? फायदा कुणाला होणार हे ऑक्सिजनच्या गरजेवरून ठरलं, सीआरपीवरून नाही. इन्फ्लुएन्झाच्या दाखल रुग्णांच्या निरीक्षणांत तर स्टेरॉइड मिळालेल्यांमध्ये मृत्यू जास्त दिसले आहेत. कोविडचा नियम प्रत्येक विषाणूला लावता येत नाही.

‘मग टोसिलिझुमॅबसाठी सीआरपी 75 का पाहतात?’ असा प्रश्न येतो (टोसिलिझुमॅब हे इंटरल्यूकिन-6चं काम रोखणारं औषध), आणि तो रास्त आहे. त्याच चाचणीत ती अट होती, पण एकटी नव्हती. ऑक्सिजनची पातळी 92 टक्क्यांखाली हवी, किंवा रुग्ण ऑक्सिजनवर हवा. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी नेमका हाच भाग गाळलाय.

आकडे उतरले की धोका टळला, हा समज सर्वांत फसवा. टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-6चा रिसेप्टरच, म्हणजे पेशीवरची इशारा घेणारी जागाच, अडवतं. इशारा यकृतापर्यंत पोचत नाही, म्हणून सीआरपी उतरतो, मग फुप्फुसांचं काहीही होवो. याच काळात आयसीयूत बॅक्टेरियाचा किंवा बुरशीचा नवा संसर्ग झाला, तर ना नीट ताप येतो ना सीआरपी चढतो. म्हणून सीआरपी नॉर्मल आला तरी डॉक्टर रक्तदाब, लघवीचं प्रमाण आणि ऑक्सिजनची गरज पाहत राहतात, आणि शंका आली की कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवतात.