‘गाव सोडा, कमाई दुप्पट’ म्हणे!

एक मेसेज सारखा फिरतोय. शहरातली सरासरी कमाई खेड्याच्या दुप्पट-तिप्पट आहे, म्हणजे जो गाव सोडेल त्याची कमाई तेवढी वाढणारच, आणि जे सोडत नाहीत ते आळशी नाहीतर भित्रे. मला हे फार खटकतं, खासकरून शेवटचं.

आधी दुप्पट-तिप्पटचं बघू. सरासरीत फरक आहे, मान्य. पण शहरात जातात कोण? बऱ्याचदा जास्त शिकलेले, तरुण, हातात कसब असलेले, ते गावात राहिले असते तरी इतरांपेक्षा चार पैसे जास्तच कमावले असते. त्यामुळे तुलना करायची तर त्याच माणसाची करा, जायच्या आधी किती आणि गेल्यावर किती. केनिया आणि इंडोनेशियात संशोधकांनी तीच माणसं वर्षानुवर्षं फॉलो केली आणि त्यांचीच आधीची-नंतरची कमाई ताडली, तर शहर-खेड्यातली ही तफावत 80 टक्क्यांहून जास्त कमी निघाली! सगळीकडे असंच होतं असंही नाही हां, टांझानियाच्या कागेरा भागात 1991 ते 2004 मध्ये जे बाहेर पडले त्यांचा घरखर्च, म्हणजे राहणीमान, मागे राहिलेल्यांपेक्षा 36 टक्के पॉइंट्सनी जास्त वाढला (म्हणजे दोघांच्या वाढीच्या टक्क्यांत 36 चा फरक). म्हणजे फायदा होतो, पण कुणाला किती ते सरासरी बघून कळत नाही.

आणि सगळे काय पैशासाठीच जातात का? भारताच्या 2011 च्या जनगणनेत 45 कोटींच्या वर स्थलांतरित आहेत, त्यात सगळ्यात मोठं कारण लग्न, आणि बहुतेक जण आपल्याच राज्यात हललेत.

आता ‘भित्रे’. बांगलादेशात रंगपूर भागात कापणीच्या आधीचे काही महिने हाताला काम नसतं, घरात अन्न कमी पडतं, त्याला तिकडे ‘मोंगा’ म्हणतात. 2008 साली संशोधकांनी तिथल्या काही घरांना 600 टका (टका म्हणजे बांगलादेशचं चलन) दिले, जेमतेम बसभाडं आणि थोड्या दिवसांचं खाणं सुटेल एवढे, अट एकच, कुणीतरी कामासाठी बाहेर जायचं. तेवढ्यावर बाहेर जाणाऱ्या घरांचं प्रमाण 22 टक्के पॉइंट्सनी वाढलं, म्हणजे दर शंभरात 22 घरं जास्त, आणि त्या घरांत माणशी रोजच्या खाण्यात 550 ते 700 कॅलरींची भर पडली. मग आधी का गेले नव्हते? कारण ज्याच्या घरात आधीच उपासमार आहे त्याने उरलेसुरले पैसे तिकिटात घातले आणि तिकडे काम नाही मिळालं तर मुलं काय खाणार? ही भीती नाहीये, हा हिशेब आहे, आणि तो बरोबर आहे. (पुढे हीच योजना खूप मोठी केली तेव्हा 2017 मध्ये तसा परिणाम दिसला नाही आणि 2019 मध्ये ती बंद केली, तेही सांगायला हवं.)

पण त्या पहिल्या वेळी जे गेले त्यातले बरेच जण पुढच्या वर्षी कुणी एक टका न देताही परत गेले, कारण आता काम कुठे मिळतं ते त्यांना माहीत होतं. आळशी माणसं असं करतात का?